सावरणारे हात

वाचकहो, चालणे म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्याला हसू येईल. जन्मभर जे करीत आलो, त्याची व्याख्या कशाला हवी? पण शरीरशास्त्र या साध्या क्रियेचे जे वर्णन करते, ते ऐकण्याजोगे आहे. आपण एक पाय उचलतो, तेव्हा शरीराचा भार पुढे झुकतो आणि आपण खरोखरच पडू लागतो. तेवढ्यात तो पाय पुढे टेकतो आणि ते पडणे थांबवतो. प्रत्येक पाऊल म्हणजे अर्ध्यावर अडवलेले पडणेच होय. दिवसाकाठी हजारो वेळा आपण पडावयास निघतो आणि हजारो वेळा सावरतो. तरुणपणी हे सावरणे इतके अंगवळणी पडलेले असते की ते जाणवतही नाही. उतारवयात मात्र ते एकाएकी जाणवू लागते.

याचे कारण असे की तोल सांभाळण्याचे काम शरीरात तिघे मिळून करतात. डोळे भोवतालची जागा दाखवतात; कानाच्या आतील भागात असलेले इंद्रिय डोके कोणत्या बाजूस कलले ते सांगते; आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतील संवेदना खालच्या जमिनीची वार्ता मेंदूला पोहोचवतात. या तिघांच्या निरोपांवरून मेंदू स्नायूंना हुकूम देतो. वयोमानाने तिघांचेही निरोप मंदावतात आणि हुकूम पाळणारे स्नायूही क्षीण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पासष्टी ओलांडलेल्या माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे वर्षातून एकदा तरी पडतात. तेव्हा पडणे ही कोणा एकाच्या निष्काळजीपणाची गोष्ट नाही. ती या वयाची वस्तुस्थिती आहे.

परंतु पडण्याहूनही मोठे एक संकट असते आणि ते म्हणजे पडण्याची भीती. आमच्या घरी ती वर्षभर मुक्कामाला होती.

२०११ च्या पावसाळ्यात माझे यजमान न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “हाडाचे काम झाले, आता चालायचे काम तुमचे.” पण यजमान चालेनात. तरुणपणी गावच्या व्यायामशाळेत मल्लखांबावर शीर्षासन करणारा हा माणूस पलंगापासून खिडकीपर्यंत जाण्यासही कोणाचा तरी दंड घट्ट धरू लागला. भौतिकोपचार करणाऱ्या बाई येत, व्यायाम दाखवीत. हे मान डोलवीत आणि त्या गेल्या की पुन्हा खुर्चीत बसत. न चालल्याने पाय बारीक झाले, पाय बारीक झाल्याने तोल अधिकच जाऊ लागला आणि तोल जातो म्हणून चालणे आणखी कमी झाले. या चक्रातून सुटण्याची वाट आम्हां कोणालाच सापडत नव्हती. आपल्यापैकी ज्यांनी घरातले एखादे ज्येष्ठ माणूस असे खुर्चीत मावळताना पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढल्या वर्षी ऑक्टोबरात मुलाच्या आग्रहास्तव आम्ही लॉस एंजेलिसला गेलो. विमानतळावर चाकांची खुर्ची, मुलाच्या घरी तीच, दारी तीच. त्याने एके दिवशी हॉलिवूडमधील एका प्रयोगाची तिकिटे काढून आणली. ‘सर्क द्यु सोलेय’ या १९८४ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्थापन झालेल्या मंडळीचा तो प्रयोग होता. तिच्या खेळांत हत्ती-वाघ नसतात. सारे काम माणसाच्या शरीराचे. सर्कस आपल्याला परकी नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला, तेव्हापासून तंबू, झोके आणि विदूषक मराठी माणसाच्या बालपणाचा भाग होऊन बसले आहेत. पण येथे तंबू नव्हता. ज्या नाट्यगृहात ऑस्कर पारितोषिके वाटली जातात त्याच भव्य डॉल्बी थिएटरमध्ये, चित्रपटाच्या जादूवर रचलेला हा कसरतींचा प्रयोग चालू होता. त्याचे नाव ‘आयरिस’.

हे नाव मोठे समर्पक आहे. डोळ्याच्या बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो, ज्याला आपण परितारिका म्हणतो, त्याचे इंग्रजी नाव आयरिस. आणि कॅमेऱ्यात प्रकाश कमी-अधिक सोडणाऱ्या झडपेलाही तेच नाव. उजेडात परितारिका बाहुली लहान करते, अंधारात मोठी करते. वयोमानाने ही हालचाल मंद होते आणि अंधारातही बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. म्हणून उजेडातून काळोख्या जागेत शिरताना ज्येष्ठांना काही काळ काहीच दिसत नाही. नाट्यगृहात दिवे मालवले तेव्हा यजमानांनी माझे मनगट धरले ते याच कारणाने. वाचकहो, रात्री लघुशंकेस उठणाऱ्या ज्येष्ठाच्या वाटेवर एक मंद दिवा रात्रभर तेवत ठेवावा, असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ या इवल्या पडद्याच्या थकव्यात आहे.

प्रयोगाचे दिग्दर्शक होते फ्रान्सचे नृत्यरचनाकार फिलिप देकुफ्ले. १९९२ च्या अल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकचा उद्‌घाटन सोहळा त्यांनीच रचला होता. संगीत हॉलिवूडचे प्रसिद्ध चित्रपटसंगीतकार डॅनी एल्फमन यांचे. कथानकाचा धागा अगदी बारीक: बस्टर नावाचा एक उदास संगीतकार आणि स्कार्लेट नावाची, नटी होण्याचे स्वप्न पाहणारी मुलगी. तो तिला शोधत चित्रपटसृष्टीच्या एकेका दालनातून भटकतो, आणि त्या निमित्ताने सिनेमाचा इतिहास कसरतींतून आपल्यापुढे उलगडतो. आरंभीच केव्हिन आणि अँड्र्यू ॲथर्टन हे जुळे बंधू मनगटांना पट्टे गुंडाळून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून तरंगत गेले. एकाची प्रतिमा आरशात पडावी तसा दुसरा.

पण मला आपल्याला सांगायचे आहे ते दोन प्रवेशांविषयी. त्यांतील पहिला फिल्मच्या पट्टीचा. रंगमंचावर चौकटींची एक रांग उभी होती, फिल्मवर चित्रांची असते तशी. प्रत्येक चौकटीत एकेक कलावंत. पहिला जी हालचाल सुरू करी, तिचा पुढचा तुकडा दुसरा करी, त्यापुढचा तिसरा. पाहता पाहता डोळ्यांना वाटू लागे की एकच माणूस एका चौकटीतून दुसरीत उडत चालला आहे. सिनेमाची सारी जादू याच फसवणुकीवर उभी आहे. पडद्यावर कोणीही हलत नसते. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात आणि आपला मेंदू त्यांतून चालणे, धावणे, नाचणे घडवतो. गती म्हणजे एकापुढे एक नीट मांडलेल्या स्थिर अवस्था, हे त्या प्रवेशाने जितके स्पष्ट दाखवले तितके एखाद्या व्याख्यानानेही दाखवले नसते.

दुसरा प्रवेश ‘किरिकी’ नावाचा. त्याच्या पोटात एक गमतीदार गोष्ट आहे. १९०७ साली सेगुंदो दे शोमोन या दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये एक छोटा मूकपट काढला. त्यात जपानी वेशातील कसरतपटूंचे एक कुटुंब अशक्य वाटावेत असे मनोरे रचते. एकटे मूल साऱ्या कुटुंबाचा भार पेलते. यातील हातचलाखी अशी की नट जमिनीवर आडवे पहुडले होते आणि कॅमेरा वरून खाली पाहत होता. तोल नावाची गोष्टच तेथे नव्हती, कारण पडायला खाली जागाच नव्हती! ‘आयरिस’मध्ये त्याच चित्रपटाची आठवण जागवीत कलावंतांनी जिवंत कसरती केल्या. पाठीवर निजलेला एक जण पायांच्या तळव्यांवर दुसऱ्या माणसाला झेली, उडवी, गरगर फिरवी आणि पुन्हा झेली. एका जागी तोल जाणे अशक्य होते म्हणून सारे सोपे होते. दुसऱ्या जागी तोल प्रत्येक क्षणी जात होता आणि प्रत्येक क्षणी सावरला जात होता. टाळ्या कोणाला अधिक पडाव्यात हे सांगणे नको. जमिनीवर पहुडलेल्याला पडण्याचे भय नसते हे खरे, पण ते सुख खुर्चीत बसलेल्या माणसाच्या सुखासारखेच असते.

उत्तरार्धात जुन्या गुन्हेगारीपटांतील शहराची छपरे अवतरली. लपवलेल्या ट्रँपोलिनांवर उसळून माणसे इमारतीवरून उडी घेत आणि पुन्हा भिंत चढून गच्चीवर जात. सारे नाट्यगृह माना उंचावून पाहत होते. यजमानांनी माझ्या हाताला स्पर्श केला.

“वर काय बघतेस? खाली बघ. तो कडेला उभा आहे ना, त्याचे हात बघ.”

मी पाहिले. ट्रँपोलिनच्या काठाशी एक जण खेळातल्याच वेशात उभा होता. उडी मारणाऱ्यावरून त्याची नजर ढळत नव्हती. हात कोपरांत किंचित वाकलेले, तळवे उघडे. तो कोणालाही धरीत नव्हता, पण कोणत्याही क्षणी धरू शकत होता.

“आमचे वस्ताद असेच उभे राहायचे,” यजमान म्हणाले. “मल्लखांबाला लागून. हात लावायचे नाहीत. पण ते आहेत म्हणून आम्ही वर जायचो. आणि वर जायच्या आधी खाली कसे यायचे ते शिकवायचे.”

वर्षभरात त्यांनी आपल्या शरीराविषयी काढलेले हे पहिलेच उद्‌गार होते.

मुलाच्या घरी परतल्यावर आणखी एका बस्टरची गोष्ट निघाली. प्रयोगातील नायकाचे नाव ऐकले की मूकपटांच्या कोणत्याही चाहत्याला आठवतो तो बस्टर कीटन. १८९५ साली जन्मलेला हा विनोदवीर आईवडिलांबरोबर अगदी लहानपणापासून रंगमंचावर काम करी, आणि त्या खेळात वडील त्याला चक्क इकडून तिकडे फेकत. पडावे कसे, हे तो बालवयातच शिकला: अंग सैल सोडावे, हातापायांनी धक्का वाटून घ्यावा, पडण्याशी झगडू नये. तरीही १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’ या चित्रपटाच्या वेळी रेल्वेच्या टाकीतील पाण्याचा लोंढा अंगावर आला आणि त्याच्या मानेचे हाड मोडले. काही काळ डोके दुखले. त्याने काम चालूच ठेवले. हाड मोडले होते, हे कित्येक वर्षांनंतर क्ष-किरण चित्रातून उघडकीस आले. येथे आपण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पडण्यात निष्णात असलेल्यालाही इजा होते. आणि दुखणे सोसवले याचा अर्थ हाड शाबूत आहे असा होत नाही.

पुण्यास परतल्यावर यजमानांनी भौतिकोपचाराच्या बाईंना स्वतः निरोप धाडला. त्या आल्यावर म्हणाले, “मला चालणे शिकवू नका. आधी उठण्याचे तुकडे करून द्या. फिल्मच्या पट्टीसारखे.” बाई क्षणभर गोंधळल्या, पण मग त्यांना ही कल्पना फार आवडली. खुर्चीतून उठण्याच्या पाच चौकटी त्यांनी कागदावर काढून दिल्या. आपल्यालाही उपयोगी पडतील म्हणून त्या येथे देते.

पहिली चौकट: बसल्या जागी खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकावे. दुसरी: दोन्ही पावलांत वीतभर अंतर ठेवून ती थोडी मागे, गुडघ्यांच्या किंचित आत घ्यावीत. तिसरी: नाक पायांच्या बोटांच्या वर येईल इतके धड पुढे झुकवावे. चौथी: खुर्चीच्या हातांवर तळवे रेटून उठावे, समोरच्या माणसाचे हात ओढून नव्हे. पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची: उभे राहिल्यावर थांबावे, मनात दहा आकडे मोजावेत आणि मगच पाऊल उचलावे. एकाएकी उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि पुष्कळांचे पडणे याच चौकटीत घडते. ज्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया अलीकडे झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे झुकू नये.

यजमान प्रत्येक चौकटीत थांबत. एक साधली की पुढली. भीती संपूर्ण कृतीची वाटते. तिच्या एका तुकड्याची वाटत नाही. तीन आठवड्यांनी चौकटी एकमेकींत मिसळल्या आणि एके सकाळी ते नुसतेच उठले, पडद्यावरचा माणूस उठतो तसे. पुढे ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे लावून रेषेवर चालणे, असे तोलाचे व्यायाम आले. स्नायूंचे बळ आणि तोल वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण घटते, हे वैद्यकाने मान्य केले आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ‘ओटॅगो’ व्यायामक्रम घरच्या घरी करण्यासाठीच आहे. मात्र आपल्या प्रकृतीला काय झेपेल, हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

आता दोन शब्द काळजी वाहणाऱ्यांसाठी. त्या रंगमंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे काम तेच आपले काम आहे. दंडाला गच्च धरून चालवलेल्या माणसाचा तोल त्याचा उरत नाही. आणि आपण ओढलेल्या हाताचा खांदा दुखावण्याचा धोका असतो तो वेगळाच. ज्येष्ठाच्या दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहावे. काठी असेल तर ती सशक्त बाजूच्या हातात असावी. आधाराची गरज भासल्यास दंडाऐवजी कमरेशी हात द्यावा. त्यासाठी रुंद पट्टा बांधून घेणे सोयीचे. नजर त्यांच्या पावलांवर ठेवावी आणि तळवे मोकळे असावेत. मोबाइल तेवढा वेळ खिशात राहू द्यावा.

रंगमंचावर उडी पडण्यापूर्वी गाद्या, दोर, खिळे न खिळे तपासले जातात. आपल्या घराचीही तशी तपासणी करावी. सटकणारी पायपुसणी, वाटेत आलेल्या तारा, न्हाणीघरातील ओली फरशी, शौचकूपाजवळ धरावयास नसलेली दांडी, सैल झालेल्या सपाता, या गोष्टी एका दुपारी दूर होण्यासारख्या आहेत. झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांनी भोवळ येते का, हे डॉक्टरांना विचारावे. डोळे वर्षातून एकदा तपासावेत. दोन नंबरांचा चष्मा लावून जिना उतरताना पायरी फसवी दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

आणि एवढे करूनही माणूस पडलाच, तर? धावत जाऊन खस्सकन उचलू नये. आधी विचारावे, कोठे दुखते? खुबा दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हलवण्याची घाई न करता वैद्यकीय मदत बोलवावी. तसे काही नसेल तर थोडा दम घेऊ द्यावा, मग कुशीवर वळणे, हातांवर आणि गुडघ्यांवर येणे, जवळ आणलेल्या भक्कम खुर्चीवर हात टेकणे, एक पाऊल रोवणे, उठणे. येथेही चौकटीच.

आमच्या यजमानांनी त्यानंतर नऊ वर्षे आपल्या पायांनी काढली. रोज सकाळी ते काठी घेऊन कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जात. त्या काळात ते दोनदा पडले. दोन्ही वेळा तपासणी झाली, दोन्ही वेळा हाड शाबूत निघाले आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडले. मी अर्धे पाऊल मागे असे. शेवटी ते गेले ते हृदयविकाराने, फिरून आल्यावर चहा घेताना.

‘आयरिस’चे प्रयोग सुमारे दीड वर्ष चालले आणि जानेवारी २०१३ मध्ये थांबले. तो खेळ आता कोणालाही पाहता यायचा नाही. पण त्यातले जे आपल्या उपयोगाचे, त्याला रंगमंचाची गरज नाही. वाचकहो, काठी हाती घेण्यास, दांडी बसवून घेण्यास, ‘जरा माझ्याजवळ उभा राहा’ असे मुलाला म्हणण्यास संकोच वाटून घेऊ नका. आकाशात झेपावणाऱ्या तरुण, पोलादी शरीरांनाही खाली गादी लागते, दोर लागतो आणि उघड्या तळव्यांचा माणूस लागतो. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. उलट, तो आधार आहे म्हणूनच त्यांना उडी घेता येते. आपली उडी पलंगापासून खिडकीपर्यंतची असेल. ती आजच घ्यावी. खुर्चीच्या कडेपर्यंत सरकणे ही तिची पहिली चौकट.